दर गोळी सारखी: मुंबईच्या घरात १० मीटर एअर रायफलची तयारी

क्लबात नवीन आलेल्या मुलांपैकी कुणीतरी महिन्याभरात हा प्रश्न विचारतंच: "काका, काडतुसं घरी भरता येतात का हो?" अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेले असतात. गॅरेजमध्ये टेबल, टेबलाला घट्ट बसवलेला प्रेस, झडलेल्या काडतुसांच्या पितळी कवचांचा, म्हणजे केसेसचा ढीग. जुनी केस साफ करायची, नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी टोपी बसवायची, दारूची पावडर मोजून घालायची, वर गोळी बसवायची. तिकडे हा हजारो लोकांचा छंद आहे.

आपल्याकडे उत्तर सरळ आहे: नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ५ परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली त्याला किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. तुमच्याकडे रायफलचा परवाना असला तरी तो रायफल बाळगण्याचा आणि परवानाधारक दुकानातून काडतुसं घेण्याचा असतो, काडतुसं बनवण्याचा नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी, जिथे भिंतीला भिंत लागून शेजारी राहतो आणि ओट्याखाली गॅसचा सिलिंडर असतो, तिथे पावडर आणि प्रायमर ठेवायचा विचारसुद्धा करू नये.

पण त्या मुलाच्या प्रश्नामागची ओढ मला मोलाची वाटते. लोक काडतुसं घरी का भरतात? एक कारण पैसे. दुसरं कारण खरं नेमबाजाचं: आपली प्रत्येक गोळी आधीच्या गोळीसारखीच जावी. तेवढंच वजन, तेवढाच वेग, तीच बैठक. ही ओढ पुरवायला पावडर लागत नाही. १० मीटर एअर रायफलमध्ये, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलने दहा मीटरवरच्या कार्डावर नेम मारायच्या खेळात, हेच काम कायद्यात राहून, दहा बाय बाराच्या खोलीत करता येतं. मी स्वतः इतकी वर्षं तेच करतो आहे. त्याची रीत इथे क्रमाने लिहितो.

आधी आकडे समजून घ्या

एअर रायफलचं कार्ड तळहाताएवढं असतं, काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. मधला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा. पेलेट, म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, ४.५ मिलिमीटरचं, ठिपक्याच्या नऊपट रुंद. पेलेटची कड ठिपक्याला लागली की दहा. हिशेब केला तर पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडला पाहिजे. हल्ली गुण दशांशात मोजतात: १०.९ पासून १०.० पर्यंत उतरताना दर पाव मिलिमीटरला एक दशांश जातो. साठ गोळ्यांच्या फेरीत जास्तीत जास्त ६५४ गुण होतात. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं तेव्हा त्याची शेवटची गोळी १०.८ ची होती.

हा पाव मिलिमीटर डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यासाठीच आहे.

कायद्याचं इथेच सांगून टाकतो. ४.५ मिलिमीटर, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन इंचाची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना घेता येते. स्पर्धेची रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचं पेलेट सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने सोडते. ती ताकद आठ ज्यूलच्या आसपास भरते, मर्यादेच्या खूप खाली. दुकानात जाताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, आणि बिल जपून ठेवा. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. आठ ज्यूलमध्ये डोळा कायमचा जाऊ शकतो. गच्चीवरून किंवा बाल्कनीतून कबुतरांवर, कावळ्यांवर, नारळावर नेम धरायचा नाही. घरच्या मुलांनाही हे पहिल्याच दिवशी सांगा.

पहिली पायरी: बंदूक घेऊ नका

आईवडील पोराला घेऊन येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, कुठली रायफल घेऊ? मी म्हणतो, तीन महिने काही घेऊ नका. क्लबाच्या रायफलवर शिका. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ या रायफली लाखांच्या घरात जातात, आणि वाढत्या वयाच्या मुलाची उंची, हाताची लांबी दर सहा महिन्यांनी बदलते. काहींना दोन महिन्यांत कळतं की आपला जीव रायफलपेक्षा पिस्तुलात रमतो. ते आधी कळलेलं बरं.

मुंबईत जागा आहेत. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. अंजली भागवत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून नेमबाजीत आल्या, वरळीला घडल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. दादरला शिवाजी पार्कसमोर स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकातही रेंज आहे. पनवेलकडे राहणाऱ्यांना सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब जवळ पडतो. घरापासून तासाभरात पोहोचता येईल अशी जागा निवडा. आठवड्यातून तीनदा जमलं नाही तर उत्तम प्रशिक्षकाचाही उपयोग होत नाही, आणि मुंबईत ते जमणं न जमणं तुमच्या लोकलच्या लाईनवर ठरतं.

रेंजवरची शिस्त पहिल्या दिवसापासून अंगात मुरवायची. नळी कायम टार्गेटच्या दिशेने. लाईनवर यायच्या आधी आणि सोडताना नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळीच्या एका टोकातून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली रंगीत दोरी. ती आरपार दिसली की नळी रिकामी आहे हे कुणालाही लांबून कळतं. "स्टॉप" ऐकू आलं की बोट ट्रिगरवरून बाहेर, मग तुमचा नेम कितीही छान लागलेला असो.

दुसरी पायरी: पेलेट

लोक इथेच सगळ्यात कमी वेळ देतात. काडतूस भरणारा माणूस जिथे तासन्‌तास घालवतो, तीच ही जागा.

मॅच पेलेटचं, म्हणजे स्पर्धेच्या पेलेटचं डोकं चपटं असतं, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. मागचा भाग पोकळ आणि घेरदार, त्याला आम्ही स्कर्ट म्हणतो. हवा स्कर्टला आतून दाबते, तो नळीच्या खाचांना चिकटतो आणि पेलेट फिरत बाहेर पडतं. शिसं फार मऊ, आणि स्कर्टची कड पातळ. नखाने दाबलं तरी ती वाकते. कड वाकली की हवा एका बाजूने निसटते आणि पेलेट वाकडं जातं. एवढ्याशा गोष्टीवर माझे एकदा दोन आठवडे वाया गेले. अंधेरीला गर्दीत चढताना बॅग दरवाजाच्या खांबावर आपटली. आतला डबा उघडला नव्हता, म्हणून मी निश्चिंत. पण त्या दिवसापासून दर सातआठ गोळ्यांमागे एक गोळी कधी इकडे, कधी तिकडे नऊमध्ये जाऊ लागली. मी ट्रिगरचं वजन बदललं, नेमबाजीच्या जॅकेटची बटणं सरकवून पाहिली, प्रशिक्षकांनी माझी कोपराची जागासुद्धा बदलली. शेवटी एका संध्याकाळी डबा पांढऱ्या कागदावर ओतला आणि भिंगातून पाहिलं. कडेच्या पेलेट्सचे स्कर्ट लंबगोल झाले होते.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. डबा ट्रेमध्ये ओतायचा, हळू, उंचावरून नाही. ट्यूबलाइटखाली बसून एकेक पेलेट चिमटीत न दाबता काचेवर घरंगळवायचं. चांगलं पेलेट पुढच्या टोकाला थोडं वळत एकसारखी कमान काढत जातं. स्कर्ट वाकलेला असेल तर ते उड्या मारतं. पाचशेच्या डब्यातली पंधरा-वीस बाजूला निघतात, ती सरावात वापरायची. वेचलेली पेलेट खाचांच्या फोममध्ये उभी ठेवा.

वजन करायचं का? मुलं मिलिग्रॅमचा काटा घेऊन येतात. माझं मत: चांगल्या मॅच पेलेटमध्ये वजनाचा फरक इतका बारीक असतो की त्या वेळेत वीस गोळ्यांचा सराव जास्त उपयोगी पडेल. नजरेने तपासणं मात्र सोडू नका.

आता खरं काम, पेलेट आणि नळीची जोडी लावणं. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१. शेजारी लॉट नंबर, म्हणजे कारखान्यात एकदम बनलेल्या खेपेचा क्रमांक. हा शंभरांश मिलिमीटरचा खेळ प्रत्येक नळीला वेगळा असतो. शेजारच्या मुलाची रायफल ४.५० वर फुलासारखे गट पाडते म्हणून तुमचीही पाडेल असं काही नाही. सुरुवातीला एच अँड एन, आरडब्ल्यूएस किंवा जेएसबीची तीन-चार मापं क्लबातल्या लोकांकडून मागून घ्या. वीस-वीस पेलेट द्यायला कुणी नाही म्हणत नाही.

चाचणी अशी: रायफल शिकंज्यात घट्ट धरायची, हाताने नाही. शिकंजा क्लबात किंवा चांगल्या दुकानदाराकडे मिळतो. १० मीटरवर कोरं कार्ड, एकाच ठिकाणी दहा गोळ्या. सगळ्या मिळून जे एक भोक पडतं त्याची बाहेरून बाहेरची रुंदी मोजा. साडेपाच ते सहा मिलिमीटर भरलं तर लॉट घ्या. साडेसात भरलं तर हिशेब मांडा: पेलेटचे साडेचार वजा केले की तीन मिलिमीटरचा पसारा उरतो, म्हणजे मध्यापासून दीड मिलिमीटर. तुम्ही निर्दोष नेम धरलात तरी १०.९ ची गोळी १०.३ वर येऊ शकते, आणि तुम्ही घरी जाऊन स्वतःच्या श्वासाला दोष देत बसाल. चांगला लॉट सापडला की ऐपतीप्रमाणे त्याच नंबरचे दोन-चार डबे एकदम घ्या. पुढच्या महिन्यात तोच नंबर दुकानात मिळेलच असं नाही.

शिशाबद्दल कानावर घालतो. हाताला काळं लागतं ते शिसं असतं. लाईनवर वडापाव, चहा काही नाही. सराव संपला की साबणाने हात धुवायचे, मग डबा उघडायचा. पेलेटची ट्रे स्वयंपाकघरात न्यायची नाही, लहान मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, आणि पेलेट दातात धरायची तर नाहीच नाही. मी जुन्या लोकांना असं करताना पाहिलं आहे.

हवा

स्प्रिंगची रायफल असेल तर पेलेट न घालता कधीही चाप ओढू नका. पुढे हवेची उशी नसल्याने पिस्टन आदळतो आणि सील जातं. मॅच रायफलमध्ये दाबलेल्या हवेचा सिलिंडर असतो, बहुतेक २०० बार दाबाचा. त्यावर कारखान्याची मुदत कोरलेली असते. जुनी रायफल घेताना लोक नळी न्याहाळतात आणि ही तारीख वाचत नाहीत. आधी ती वाचा, मुदत संपलेला सिलिंडर भरू नका. हातपंपाने भरत असाल तर पंपाचा ओलावा शोषणारा फिल्टर पावसाळ्यात वरचेवर बदला. आपल्याकडच्या हवेतलं पाणी नाहीतर थेट सिलिंडरमध्ये जातं.

तिसरी पायरी: घरातला कोरडा सराव

१० मीटर लांब खोली मुंबईत कुणाकडे असते? माझ्याकडे हॉलच्या खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जेमतेम पाच मीटर मिळतात. पुरतात. कारण घरी गोळी मारायचीच नसते. मॅच रायफलमध्ये ड्राय फायरची सोय असते: ट्रिगरचा आवाज येतो, हवा सुटत नाही. स्प्रिंगच्या रायफलवर हे करू नका, तिच्यावर फक्त धरण्याचा आणि नेम स्थिर करण्याचा सराव करा.

भिंतीवर काळा गोल चिकटवा. त्याचं माप काढायला सोपा हिशेब आहे: डोळ्यापासून भिंतीपर्यंतचे मीटर गुणिले ३.०५, उत्तर मिलिमीटरमध्ये. पाच मीटरला सव्वापंधरा, चार मीटरला बारा. पिस्तुलासाठी ५.९५ ने गुणा. हे मोजून केलं तर नळीच्या टोकावरच्या साईटच्या रिंगमध्ये, म्हणजे नेम धरायच्या कड्यात, गोल रेंजवर दिसतो तेवढाच दिसतो. गोलाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर. मी पट्टीने मोजून खूण केली आहे आणि ती रंग काढताना पुसू देत नाही.

रायफल उचलायच्या आधी पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. बोल्ट उघडून नळीत डोळ्यांनी पाहा, दोरी घालून काढा. घराच्या दाराला आतून कडी. भिंतीमागे कोण राहतं ते माहीत असू द्या, तुम्ही पेलेट घालणार नसलात तरी.

आता शरीर. उजव्या हाताने मारणाऱ्याची डावी कूस टार्गेटकडे, पाय खांद्याइतके रुंद, वजन दोन्ही पायांवर सारखं. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकलं पाहिजे. हे हाड सापडायला काहींना महिना लागतो. बरगडीवर टेकवलंत तर श्वासाबरोबर रायफल वरखाली होईल. रायफलचं वजन हाडांवरून थेट पायात उतरलं की हात धरत नाही, नुसता खांबासारखा उभा राहतो. ते जमलं की तुम्हाला लगेच कळतं, कारण खांदा दुखायचा थांबतो.

मग डोळे मिटा. दोन श्वास घ्या, अंग सैल सोडा, डोळे उघडा. रिंग गोलाच्या उजवीकडे थांबली असेल तर हाताने ओढून आणू नका. मागचा पाय बोटभर सरकवा आणि पुन्हा डोळे मिटा. रिंग आपोआप गोलावर येऊन थांबेपर्यंत हे करायचं. सुरुवातीला दहा मिनिटं यातच जातात, आणि ती दहा मिनिटं सगळ्या सरावात महत्त्वाची असतात. हाताने ओढून मारलेली गोळी ट्रिगरच्या क्षणी हात सैल होताच मूळ जागी परत जाते.

श्वास सोडल्यावर जो नैसर्गिक थांबा येतो, त्यात सहा ते दहा सेकंद मिळतात. पहिल्या टप्प्यातला ढिला ट्रिगर नेम स्थिर व्हायच्या आधीच घेऊन ठेवा, दुसऱ्यावर दाब वाढवत न्या. दहा सेकंदांत सुटली नाही तर रायफल खाली घ्या. नवीन मुलांना हे अपमानाचं वाटतं आणि ती बाराव्या-पंधराव्या सेकंदाला चाप ओढतात. तोपर्यंत डोळ्याला जुनंच चित्र दिसत असतं. चाप सुटल्यावरही दोन सेकंद तसेच राहा आणि रिंग कुठे गेली ते पाहा. कोऱ्या भिंतीसमोर, गोलाशिवाय वीस वेळा हेच करा. तिथे फक्त ट्रिगरकडे लक्ष राहतं.

रोज वीस मिनिटं बस. सोसायटीत पाणी यायच्या आधीची पहाट मला उत्तम वाटते, अंग थंड असतं आणि दारावर कुणी येत नाही. जॅकेट रोज घालू नका. आधी जॅकेटशिवाय उभं राहता आलं पाहिजे.

घरात खरी गोळी मारावी का? मी मारत नाही. मारणाऱ्यांनी निदान पोलादी पत्रा तिरका बसवलेला पक्का पेलेट ट्रॅप, त्यामागे विटेची भिंत, डोळ्यांना चष्मा आणि कुणी मध्ये येऊ शकणार नाही अशी बंद खोली एवढं केलंच पाहिजे. पातळ पार्टिशनच्या खोलीत हा प्रश्नच निकालात निघतो.

पावसाळा आणि प्रवास

जून ते सप्टेंबर रायफल फोमच्या पेटीत ठेवू नका. फोम ओल धरतो आणि आठवड्याभरात नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके दिसतात. कपाटात उभी ठेवा, कुलूप लावून, सिलिका जेलच्या पुड्यांसह. हाताचा घाम खारा असतो, सराव झाल्यावर धातूचे भाग कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा हलका हात फिरवा. नळीत तेल नको. नळीसाठी फेल्टचे गोळे मिळतात. ते मागून पुढे ढकलायचे, साधारण एका डब्यामागे एकदा. पेलेटच्या डब्यातही सिलिका जेल टाका, नाहीतर शिशावर पांढरी भुकटी धरते. तशी पेलेट फेकून द्या.

लोकलने नेताना रायफल बंद पेटीत, पेलेट वेगळ्या पिशवीत, आणि बिल व क्लबाचं कार्ड वरच्या खिशात. स्टेशनवर पोलिसांनी विचारलं तर शांतपणे दाखवायचं. पेटी प्लॅटफॉर्मवर उघडायची नाही, मित्रांना दाखवायला तर मुळीच नाही.

वही

एक साधी दोनशेपानी वही करा. तारीख, पेलेटचा लॉट, सिलिंडरचा दाब, झोप किती झाली, काय खाल्लं, आणि प्रत्येक गोळी सुटताना ती कुठे गेली असं वाटलं ते कार्ड पाहायच्या आधी. मग खरी जागा. दोन्ही जुळू लागल्या की तुमची प्रगती सुरू झाली. जुळत नसतील आणि चूक सारखी एकाच दिशेला असेल तर साईट पाहा. कुठेही विखुरत असेल तर पेलेट पाहा. माझ्या त्या अंधेरीच्या डब्याच्या वेळी मी लॉट आणि डबा लिहीत असतो तर दोन आठवड्यांऐवजी दोन दिवसांत उलगडा झाला असता.

सहा महिन्यांनी जिल्ह्याची स्पर्धा द्या, गुण कितीही येत असोत. पुढे राज्य, मग मावळणकर स्पर्धा. लोकसभेचे पहिले अध्यक्ष आणि नॅशनल रायफल असोसिएशनचे संस्थापक ग. वा. मावळणकर यांच्या नावाची ती. स्पर्धेच्या दिवशी नवा डबा फोडायचा नाही. शिकंज्यात तपासलेल्या लॉटची, काचेवर घरंगळवून वेचलेली नव्वद पेलेट आदल्या रात्री फोममध्ये भरून ठेवायची: साठ फेरीची, तीस सरावाच्या गोळ्यांची. त्या ट्रेवर लॉट नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, आणि सकाळी ती ट्रे बॅगेत नाही, हातात घेऊन गाडीत चढा.